लोखंड कमी करणारा माणूस : कॉलिन चॅपमन

मोटारींच्या इतिहासात हेन्री फोर्डचे नाव शाळेच्या पुस्तकातही भेटते. कॉलिन चॅपमनचे नाव तसे भेटत नाही, पण शर्यतींच्या जगात ते फोर्डइतकेच मोठे आहे. लोटस या इंग्रज कंपनीचा तो जन्मदाता. फोर्डने एकसारख्या लाखो गाड्या काढून मोटार स्वस्त केली. चॅपमनची रीत निराळी होती. गाडीतला जो भाग काम करत नाही तो काढून टाकायचा, दोन भागांचे काम एकाच भागाकडून होते का ते पाहायचे, आणि जे उरेल ते हलके करायचे, एवढीच त्याची विद्या. या विद्येच्या जोरावर त्याने १९५७ साली दोन माणसांची, विनादाराची, वरून उघडी अशी एक गाडी काढली. तिचे नाव लोटस सेव्हन. ती पाच क्विंटलच्या आसपास भरे. आपली अॅम्बॅसेडर अकरा क्विंटलच्या वर जात असे. आमच्याकडचा देवणी जातीचा पोसलेला वळू पाच क्विंटल भरतो, म्हणजे ही एका वळूच्या वजनाची मोटार झाली! आणि तीही तयार घ्यायची नाही. सुटे भाग खोक्यांत भरून घरी यायचे आणि घेणाऱ्याने आपल्या हाताने जोडायचे.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. माझे विषय मराठी, इतिहास आणि राज्यशास्त्र. मोटारीवर लिहिण्याचा हिला काय अधिकार, असे कोणी विचारील. अधिकार एवढाच की नांदेडहून लातूरला जाताना अहमदपूरच्या अलीकडे रस्त्याला लागून माझ्या वडिलांचे वेल्डिंगचे दुकान आहे. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या हे तिथले काम. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिली, त्यामुळे दुकानाचा हिशेब आणि इंग्रजी कागद माझ्याकडेच असतात. लातूरच्या एका गॅरेजात काम करणाऱ्या माझ्या मावसभावाने मला मोबाईलवर या सेव्हन गाडीची फिल्म दाखवली. तेव्हापासून मी चॅपमनविषयी मिळेल ते वाचत गेले.

चॅपमनचा जन्म १९ मे १९२८ रोजी लंडनजवळच्या रिचमंड येथे झाला. वडील उत्तर लंडनमधल्या हॉर्न्सी भागात रेल्वे हॉटेल चालवीत. मुलगा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बांधकाम अभियांत्रिकी शिकू लागला. पूल, छप्पर, खांब यांवर भार कसा येतो आणि तो जमिनीपर्यंत कसा पोचवायचा, हा त्याचा अभ्यासाचा विषय होता. मोटारीचे शिक्षण त्याने घेतलेच नाही आणि मला वाटते हेच त्याचे भाग्य. विद्यापीठाच्या हवाई पथकात तो विमान चालवायलाही शिकला. विमानात एकही किलो फुकटचा चालत नाही, हे त्याने तिथे पाहिले. परीक्षेत मात्र गणिताचा पेपर राहिला. १९४८ ऐवजी १९४९ साली तो पेपर पुन्हा देऊन त्याने पदवी मिळवली. आपल्या भाषेत सांगायचे तर त्याला एटीकेटी होती!

शिकत असतानाच तो एका मित्राबरोबर जुन्या मोटारींची खरेदी-विक्री करी. महायुद्ध संपले होते, नव्या गाड्या मिळत नव्हत्या, धंदा बरा चालला होता. पण १९४७ साली इंग्लंडच्या सरकारने खासगी गाड्यांना मिळणारे पेट्रोलचे मूळ रेशन बंद केले आणि जुन्या गाड्यांचे भाव कोसळले. कमावलेले सगळे गेले. न विकलेली एक १९३० ची ऑस्टिन सेव्हन तेवढी उरली. ही इंग्लंडमधल्या सामान्य माणसाची लहानशी गाडी होती. चॅपमनने तिची बॉडी उतरवली आणि अॅल्युमिनियमचा पत्रा चिकटवलेल्या प्लायवूडची नवी बॉडी बनवली. १९४८ साली ही गाडी तयार झाली. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला आपला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. एकीकडे रझाकारांच्या भीतीने लोक गावे सोडून जात होते आणि दुसरीकडे वीस वर्षांचा एक मुलगा गॅरेजात प्लायवूड कापत होता, हे एकदम मनात आले म्हणून लिहिले.

ते गॅरेज त्याचे स्वतःचे नव्हते. त्याची मैत्रीण हेझल विल्यम्स हिच्या आई-वडिलांच्या घरामागचे होते. हेझल त्याच्याबरोबर काम करी आणि चिखलाच्या चढावर होणाऱ्या चाचणी-स्पर्धांत गाडीत बसे. पुढे १९५२ च्या पहिल्या तारखेला लोटस कंपनी सुरू झाली, तेव्हा भांडवलासाठी पंचवीस पौंड तिनेच उसने दिले. १९५४ साली दोघांचे लग्न झाले. चरित्रांमध्ये हेझलला दोन-तीन ओळी मिळतात. पंचवीस पौंड आणि बापाचे गॅरेज नसते तर पुढचे काहीच झाले नसते, असे माझे मत आहे. लोटस म्हणजे कमळ. हे नाव का ठेवले याचे कारण चॅपमनने शेवटपर्यंत सांगितले नाही.

कंपनी म्हणजे काय, तर रेल्वे हॉटेलच्या मागचा जुना तबेला. तिथून लोटस मार्क सहा निघाली. सुटे भाग घेऊन घरी जोडण्याची ही लोटसची पहिली गाडी. हिची खरी करामत तिच्या सांगाड्यात आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहिते.

त्या काळच्या गाड्यांची चासी शिडीसारखी असे. दोन लांब जाड तुळया आणि मधे आडव्या पट्ट्या. एक चाक खड्ड्यात गेले की शिडी पिळवटते. पिळवटू नये म्हणून लोखंड जाड करायचे. जाड केले की वजन वाढते, मग इंजिन मोठे हवे, ब्रेक मोठे हवेत, टायर रुंद हवेत, आणि त्या सगळ्यांचे पुन्हा वजन. चॅपमनने शिडी सोडून दिली. त्याने बारीक पोलादी नळ्यांचा पिंजरा केला आणि नळ्या अशा लावल्या की शक्य तिथे त्यांचे त्रिकोण व्हावेत. चौकोन तिरका होतो. त्रिकोण मोडेल, पण तिरका होणार नाही. प्रत्येक नळीवर फक्त ओढ येते नाहीतर दाब येतो, तिला वाकवणारा जोर जवळजवळ येत नाही. नळी वाकवणे सोपे असते, ओढून तोडणे महाकठीण. म्हणून बारीक नळी पुरते. मार्क सहाचा नुसता सांगाडा पंचवीस किलोच्या आसपास होता. त्यावर अॅल्युमिनियमचे पत्रे रिबिटांनी ठोकले की ते पत्रेही सांगाड्याला बळ देत.

हे मी वडिलांना समजावून सांगू लागले तर ते हसले. शेतावरच्या रुंद गेटला ते वरच्या बिजागरीपासून समोरच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत एक तिरकी पट्टी मारतात. ती नसेल तर वर्षभरात गेट झोल खाऊन जमिनीला टेकते. पत्र्याच्या शेडची कैचीही त्रिकोणांचीच असते. म्हणजे चॅपमनने जे केले ते आमच्या दुकानात रोज होते. फरक इतकाच की पट्टी मारल्यावर बाकीचा पाइप किती बारीक करता येईल, याचा हिशेब आम्ही मांडत नाही. तो मांडायला त्याचे ते राहिलेले गणित लागते.

मार्क सहाच्या शंभराहून थोड्या अधिक गाड्या झाल्या. घेणारे बहुतेक तरुण, कारखान्यात किंवा कचेरीत नोकरी करणारे. इंजिन बहुधा जुन्या फोर्डचे, ११७२ सीसीचे. गिअरबॉक्स आणि एक्सलही भंगारातल्या गाडीतून मिळे. या पद्धतीला कायद्याचीही मदत होती. इंग्लंडमध्ये तयार नव्या मोटारीवर भारी खरेदी-कर होता, सुट्या भागांवर तो नव्हता. मात्र कंपनीने जोडणीचे मार्गदर्शन केले तर तो गाडी विकण्याचाच प्रकार ठरे. तेव्हा लोटसने म्हणे गाडी खोलण्याची पुस्तिका दिली. घेणाऱ्याने ती शेवटच्या पानापासून पहिल्या पानाकडे वाचायची!

१९५७ साली सेव्हन आली ती याच गाडीची सुधारलेली मुलगी. सेव्हनमध्ये बसणे म्हणजे जवळजवळ जमिनीवर बसणे. हात बाहेर सोडला तर रस्त्याला लागावा. पुढे लांब बोनेट, दोन्ही बाजूंना उघडी चाके, डोक्यावर काही नाही. पाऊस आला तर कापडी हूड असते, पण ते लावण्याची खटपट करण्यापेक्षा भिजणे बरे, असे मालकच म्हणत. गंमत नुसत्या वेगाची नाही. हलक्या गाडीला वेग घ्यायला थोडे इंजिन पुरते, थांबायला थोडा ब्रेक पुरतो, आणि वळणावर तिला बाहेर फेकणारा जोर कमी असल्याने अरुंद टायरही रस्ता धरून ठेवतो. स्टेअरिंग बोटभर फिरवले की गाडी बोटभर वळते. मावसभावाने दाखवलेल्या फिल्ममधला पांढऱ्या केसांचा माणूस अशाच एका वळणावर लहान मुलासारखा हसत होता. मोटार विकत घेऊन हसणारी माणसे मी पाहिली आहेत. याचे हसू वेगळे होते, कारण त्या गाडीचा प्रत्येक बोल्ट त्याने स्वतः आवळला होता.

दुरुस्तीतही तोच फायदा. बोनेट उचलून बाजूला ठेवले की सगळे समोर दिसते. ज्याने गाडी जोडली त्याला ती खोलता येतेच. नळी तडकली तर पितळेचा टाका मारायचा. सांगाडा मुळातही तसाच जोडलेला असे.

पण दोन भागांचे काम एकाकडून करून घेण्याचा हट्ट काही वेळा अंगलट येई. १९६० पासून निघालेल्या सेव्हनच्या दुसऱ्या आवृत्तीत मागचा एक्सल धरून ठेवायला इंग्रजी ए अक्षरासारखा एकच भाग डिफरन्शियलच्या खाली जोडला. हिशेब सुंदर होता. तथापि त्या एक्सलचे कवच एका साध्या गाडीतून घेतलेले, असली ओढ सोसायला बनलेले नव्हते. ते तडकू लागले, तेल गळू लागले. मालकांनी त्याला बाहेरून पट्ट्या मारून जोर दिला. चॅपमनने काढलेले लोखंड लोकांनी परत घातले, असे म्हणायला हरकत नाही.

शर्यतींतले त्याचे यश मी थोडक्यात सांगते, कारण ते कुठल्याही पुस्तकात मिळेल. १९५८ साली लोटस फॉर्म्युला वनमध्ये उतरली. १९६२ च्या लोटस २५ मध्ये त्याने नळ्यांचा पिंजराही सोडला आणि पत्र्याची पोकळ पेटी हीच चासी केली. १९६७ च्या लोटस ४९ मध्ये इंजिनालाच चासीचा भाग केले. मागची चाके थेट इंजिन-गिअरबॉक्सला लटकलेली, मधली चौकट गायब. जिम क्लार्क १९६३ आणि १९६५ साली जगज्जेता झाला. १९७८ पर्यंत लोटसने बनवणाऱ्यांचे अजिंक्यपद सात वेळा मिळवले. जिंकल्यावर चॅपमन आपली काळी टोपी हवेत फेकत असे.

मी वडिलांना लोटसच्या शर्यतीच्या गाडीचे चित्र दाखवले तेव्हा त्यांनी वेग किती हे विचारले नाही. चालवणाऱ्याचे पाय कुठे येतात, एवढेच विचारले. ऊसाच्या ट्रॉल्या बनवणारा माणूस हाच प्रश्न विचारणार. हंगामात त्या ट्रॉलीवर किती ऊस चढतो आणि वर किती माणसे बसतात, हे नांदेड-लातूर रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे. ट्रॅक्टरला जोडणाऱ्या हुकापाशी ते ठरल्यापेक्षा जाड अँगल घालतात आणि जास्तीचे पैसे मागत नाहीत.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मला योखेन रिंटच्या हकिगतीत मिळाले. रिंट हा ऑस्ट्रियाचा चालक. १९६९ साली बार्सिलोनाच्या शर्यतीत त्याच्या लोटसचा मागचा पंख मोडला आणि गाडी आदळली. त्यानंतर त्याने चॅपमनला पत्र लिहून कळवले की गाड्या वेगवान आहेत हे खरे, पण त्या मोडतात. थोडे किलो वाढवून नाजूक भाग भक्कम करावेत, मला गाडीवर विश्वास ठेवता आला पाहिजे. पुढच्या वर्षी लोटस ७२ आली. तिच्यात चालकाचे पाय अगदी गाडीच्या नाकाशी येत. रिंटने ओळीने चार शर्यती जिंकल्या. ५ सप्टेंबर १९७० रोजी इटलीत मोंझाच्या सरावात त्याची गाडी कठड्यावर आदळली आणि तो गेला. पुढच्या ब्रेकचा दांडा तुटलेला आढळला. कठड्याची बांधणी सदोष होती आणि त्याने पट्टेही पूर्ण बांधलेले नव्हते, हेही खरे, त्यामुळे सारा दोष एकट्या चॅपमनच्या माथी मारणे न्यायाचे नाही. त्या वर्षी रिंटचे गुण कोणालाच ओलांडता आले नाहीत आणि मेलेल्या माणसाला जगज्जेतेपद मिळाले. असे आजपर्यंत दुसऱ्यांदा घडलेले नाही.

चॅपमनचे चाहते ही गोष्ट घाईने उरकतात. मला ती उरकता येत नाही. सेव्हनमधून काढलेले लोखंड हे तरुणांच्या खिशावरचे ओझे होते. शर्यतीच्या गाडीतून काढलेले शेवटचे किलो दुसऱ्या कोणाच्या तरी जिवाच्या बाजूचे होते. हात तोच, कात्री तीच. जिम क्लार्क १९६८ साली जर्मनीत गेला तेव्हा चॅपमन कोलमडून पडला होता असे सांगतात. ते खोटे मानण्याचे कारण नाही. तरी कात्री थांबली नाही.

१९६६ साली कंपनी नॉरफोकमधल्या हेथेल येथे, युद्धकाळातल्या विमानतळावर गेली. चॅपमनला आता श्रीमंतांच्या तयार गाड्या बनवायच्या होत्या. १९७३ साली इंग्लंडमध्ये खरेदी-कर जाऊन नवा कर आला आणि सुट्या भागांची सवलत संपली. त्याच वर्षी त्याने सेव्हनचे हक्क केटरहॅम या विक्रेत्याला देऊन टाकले. शेवट चांगला झाला नाही. जॉन डेलोरियन नावाच्या अमेरिकन माणसाने ब्रिटिश सरकारच्या पैशावर बेलफास्टजवळ मोटार-कारखाना काढला. त्या गाडीच्या विकासाचे काम लोटसकडे आले. त्यासाठीचे एक कोटी डॉलरहून अधिक पैसे मधल्या एका कंपनीतून भलतीकडे गेले. चौकशी सुरू असतानाच १६ डिसेंबर १९८२ रोजी हृदयविकाराने चॅपमन वारला. वय ५४. (त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आमचा लातूर जिल्हा झाला.) दहा वर्षांनी त्याच्या हिशेबनिसाला तीन वर्षांची शिक्षा झाली. चॅपमन समोर असता तर निदान दहा वर्षे दिली असती, अशा आशयाचे उद्गार न्यायाधीशांनी काढले.

गाडी मात्र माणसापेक्षा टिकली. केटरहॅम कंपनी सेव्हन अजून बनवते आणि घरी जोडायलाही देते. आपल्या महाराष्ट्रातही तिची एक भाची झाली. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत अलिबागजवळ चिंकारा मोटर्स या छोट्या कंपनीने सेव्हनच्या धर्तीची उघडी गाडी काढली. फायबरची बॉडी आणि इंजिन १.८ लिटरचे इसुझू, म्हणजे आपल्या अॅम्बॅसेडरमध्ये बसवत तेच. इंग्लंडातल्या तबेल्यातली युक्ती अशी कोकणात पोचली.

त्याआधी इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी स्वतःच्या डोक्याने मीरा नावाची लहान गाडी बनवली होती. ती शर्यतीची नव्हे, कुटुंबाची. स्वातंत्र्याच्या सुमारापासून १९७५ पर्यंत ते एकामागून एक नमुने करत राहिले. शिक्षण सातवीपर्यंत. गाडी कारखान्यापर्यंत मात्र कधी गेली नाही. आणि अगदी अलीकडे सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून छोटी उघडी जीप बनवली. ती किक मारून चालू होई. ती पाहून आनंद महिंद्र यांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाने ती घेतली. नियमात बसत नसल्याने ही गाडी आज ना उद्या रस्त्यावर अडवली जाईल, हेही महिंद्रांनी तेव्हाच लिहिले होते.

इथे मला राज्यशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून बोलायचे आहे. आपल्याकडे नव्या गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासून घ्यावा लागतो. मोठ्या कारखान्याला ते परवडते. देवराष्ट्रेच्या लोहारांना कसे परवडणार? आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम चालू गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही. इंग्लंडमध्ये १९९८ पासून घरी बनवलेली एकेक गाडी तपासण्याची सोय आहे. ब्रेक, दिवे, पट्टे, आरसे, धूर सगळे पाहतात, आणि पास झाली तर नंबर देतात. अशी खिडकी आपल्या आरटीओतही असावी, असे मी वडिलांना म्हटले. मला वाटले ते लगेच हो म्हणतील. त्यांनी रॉड बाजूला ठेवला, काच वर केली आणि विचारले की त्या खिडकीत बसलेल्या साहेबाला टाका आतपर्यंत बसला आहे की नुसता वरून चोपडला आहे, हे ओळखता येईल का? येत असेल तर अर्ज मी भरायचा, गाडी ते बनवतील.